आधी उलटून बघा: जुनं फर्निचर दुरुस्त करताना आणि हाताने घडवलेली कला निवडताना

पहिलं टेबल मी स्वतःच्या हाताने बिघडवलं. आणलं तेव्हा ते तसं बरं होतं. वर दोन-चार डाग, एक पाय डगमगता, एवढंच. मी उत्साहाने पॉलिश पेपर घेतला आणि दुपारभर घासत बसले. संध्याकाळी मधोमध एक फिकट चट्टा उमटला. तो सारखा करायला गेले तर आणखी पसरला. तेव्हा कळलं की ज्याला मी जाड, गडद लाकडाची फळी समजत होते ते कागदासारखं पातळ व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, होतं, आणि मी त्याच्या आरपार खालच्या हलक्या लाकडापर्यंत पोचले होते. टेबल उलटं करून फळीची कड नुसती बघितली असती तरी तो थर दिसला असता.

तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. वरची बाजू लोकांना दाखवण्यासाठी केलेली असते. खालच्या बाजूला कारागीर बेसावध असतो, तिथे त्याचा हात, त्याची घाई, त्याची युक्ती सगळं उघडं असतं. फर्निचरसाठी लागलेली ही सवय पुढे गालिचा, कटोरा, चित्र विकत घेतानाही तितकीच उपयोगी पडली. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र सांगते आहे: जुनी लाकडी वस्तू कशी सावरायची, आणि घरासाठी हाताने घडवलेलं काही घ्यायचं तर ते खरोखर हाताचं आहे हे कसं ओळखायचं.

उलटून काय बघायचं

कपाट किंवा टेबल असेल तर सगळ्यात बोलका भाग म्हणजे ड्रॉवर. तो पूर्ण बाहेर काढा आणि पुढच्या फळीचा कोपरा बघा. चांगल्या जुन्या कामात तिथे डव्हटेल सांधा असतो, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले. हाताने कापलेले दात कमीजास्त रुंदीचे असतात, आणि त्यांच्या तळाशी आखणीची एक बारीक कोरलेली रेघ बहुतेकदा राहून गेलेली असते. यंत्राने कापलेले दात एकसारखे, शाळेच्या रांगेसारखे उभे असतात. असे यंत्राचे दात १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळले.

मग ड्रॉवरच्या तळाखालून बोटं आडवी फिरवा. हलक्या लाटा लागल्या तर ती फळी हातरंध्याने साफ केलेली आहे. करवतीच्या खुणाही बघा. सरळ, समांतर ओरखडे असतील तर करवत वर-खाली चाललेली. कमानीसारखे गोल ओरखडे असतील तर गोल करवत, म्हणजे साधारण १९वं शतक किंवा त्यानंतरचं काम. स्क्रू एक काढून बघता आला तर फारच छान. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच नेमकी मध्यावर नसते. टोकदार स्क्रू १८४०च्या दशकाच्या मध्यापासून आले. डोक्यावर फुलीची खाच असेल तर तो स्क्रू १९३०च्या दशकाआधीचा नाही, कारण ती खाचच तेव्हा बाजारात आली.

मला सगळ्यात आवडणारी परीक्षा गोल टेबलाची. लाकूड वर्षानुवर्षं सुकत जातं तेव्हा ते आपल्या अंगातल्या रेषांना आडवं आकसतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे खरोखर जुनं गोल टेबल मोजपट्टीने मोजलं तर किंचित लंबगोल निघतं. मुद्दाम जुनं दाखवलेलं टेबल मात्र अगदी नेमकं गोल असतं.

यातली एकच खूण धरून निकाल देऊ नका. स्क्रू नंतर कुणीतरी बदललेला असतो, ड्रॉवर दुसऱ्याच कपाटाचा असतो. तीन-चार खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या की विश्वास ठेवावा.

आणि यंत्राने केलेलं म्हणजे टाकाऊ, असंही नाही. मिखाएल थोनेट या फर्निचर-कारखानदाराची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ साली आली. वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती पूर्ण. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. कारखान्यातच जन्मलेली वस्तू, पण तिचा पाय ढिला झाला तर स्क्रू पिळून पुन्हा घट्ट होतो. दुरुस्तीच्या दृष्टीने बघायचं ते हेच: वस्तू उघडता येते का, आणि पुन्हा मिटवता येते का?

घ्यायचं की सोडायचं

ढिले सांधे, उडालेलं पॉलिश, हरवलेल्या मुठी, गंजलेल्या बिजागऱ्या, अडकणारा ड्रॉवर, वर पडलेली पांढरी वर्तुळं, या सगळ्याला उपाय आहे. पाणी पिऊन फुगलेला भुशाचा बोर्ड, आतून वाळवीने पोखरलेला पाय, पिळवटलेली मोठी फळी यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. टेबलाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हात ठेवून तिरकं हलवा. नुसतं करकरलं तर सांधे सुटलेत. आत काही मोडल्यासारखा आवाज आला तर लाकूड गेलंय.

एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर तो लाकूडकिडा. पण भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची जागा, तेव्हा भोकं असणं म्हणजे किडा आत असणं नव्हे. वस्तू काळ्या कागदावर ठेवून आठवडाभर हलवू नका. कागदावर ताजी, फिकट पूड पडली तर किडा जिवंत आहे. छोटी वस्तू असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सियसच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर तिच्यावर दव धरतं. मोठ्या वस्तूसाठी कीडनियंत्रण करणाऱ्या माणसाला बोलवावं, आणि तोवर ती बाकीच्या लाकडापासून लांब ठेवावी.

नवख्यांना माझा एक आग्रह असतो: पहिली वस्तू खुर्ची नको. खुर्ची साधी दिसते, पण माणूस तिच्यावर रेलतो, मागे झुलतो, आणि सगळा ताण चार-सहा छोट्या सांध्यांवर येतो. स्टूल, पेटी, छोटी मांडणी किंवा आरशाची चौकट घ्या. चुकलात तरी कुणी पडणार नाही.

पुसणं, आणि मग थांबणं

हत्यारांची मोठी यादी देत नाही. मऊ ब्रश, जुने सुती कपडे, पेचकस, लाकडी हातोडी, दोन-तीन शिकंजे, १२० ते ३२० नंबरचे पॉलिश पेपर, हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क. बाकी लागेल तसं.

पहिलं काम पुसण्याचं, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळेच लोक टाळतात. मऊ ब्रशने कोरीव भागातली धूळ काढा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाका, कपडा अगदी घट्ट पिळून घ्या आणि वीतभर जागा पुसा. लगेच साध्या ओल्या कपड्याने, मग कोरड्याने. पाणी साचू द्यायचं नाही, विशेषतः व्हिनिअरवर. जुन्या मेणाचा चिकट काळा थर साबणाला दाद देत नाही. त्याला टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कपडा लागतो. खिडक्या उघड्या ठेवून.

संग्रहालयांत नाजूक पृष्ठभाग पुसायला कापसाचा बोळा थुंकीने ओला करतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थट्टा वाटली होती. पण थुंकीत अमायलेज हे विकर असतं आणि ते मळ सोडवतं. त्यावरच्या अभ्यासाला २०१८ साली रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन निवडणारा तो पुरस्कार आहे. तेव्हा कुठला चिवट ठिपका साबणानेही जात नसेल तर लाजू नका.

पुसून झालं की एक दिवस थांबा. उजेडात पुन्हा बघा. निम्म्या वस्तूंना यापुढे फार काही लागतच नाही, थोडं मेण लावलं की त्या उजळतात. आपल्याला जे ‘खराब झालेलं’ वाटत होतं ते बऱ्याचदा नुसता मळ असतो.

डागांचं म्हणाल तर रंगावरून ओळखा. पांढरं वर्तुळ म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलीय, लाकूड शाबूत आहे. त्यावर कोरडा सुती कपडा ठेवून कोमट इस्त्री दोन-दोन सेकंद टेकवली की ते बहुधा निघतं. काळं वर्तुळ म्हणजे पाणी खाली लाकडात गेलं आणि लोखंड व लाकडातलं टॅनिन यांचा संयोग झाला. त्याला वरून घासून उपयोग नसतो. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण लावावं लागतं, आणि ते विषारी असल्याने हातमोजे, चष्मा, मास्क यांशिवाय हात घालू नये. मी स्वतः बऱ्याच काळ्या वर्तुळांना तसंच राहू दिलंय. कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं फुलदाणी ठेवत होतं, एवढंच ते सांगतं.

सांधे

डगमगत्या पायाला वरून खिळा ठोकणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. खिळा लाकूड चिरतो, सांध्याला मात्र धरत नाही. सांधा उघडायचाच.

जुन्या कामात खाच आणि कुसू, म्हणजे त्या खाचेत घुसवलेलं लाकडाचं टोक, यांना जोडणारा पदार्थ बहुतेकदा सरस असतो, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. त्याचा मोठा गुण म्हणजे तो उष्णतेने आणि पाण्याने परत सुटतो. सांध्यावर गरम पाण्यात बुडवलेला कपडा थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. मध्ये एखादं फडकं धरा, म्हणजे लाकडाला वळ उठणार नाहीत. ताकद लावायची वेळ आली तर समजा की कुठेतरी लपलेली खुंटी किंवा खिळा राहिलाय. तो आधी शोधा.

सुटे भाग काढताना प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक टाका आणि फोटो काढा. हाताने केलेल्या वस्तूचे चारही पाय सारखे दिसतात, पण प्रत्येक कुसू आपापल्याच खाचेत नीट बसतो.

आता खाचेतला जुना सरस पूर्ण काढायचा. हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया, कारण सुतारकामाचा पांढरा गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो आणि तिथे जुना सरस बसलेला असला तर त्याला शिरायला जागाच नसते. कुसू खाचेत सैल झाला असेल तर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून त्याला जाड करा. गोंदात भुसा कालवून भरायची युक्ती सगळे सांगतात, पण ती टिकत नाही. गोंद लावा, जोडा, शिकंजा आवळा, बाहेर आलेला गोंद ओल्या कपड्याने पुसा, कोपरे काटकोनात आहेत का ते बघा आणि २४ तास हात लावू नका. मौल्यवान वस्तूला मात्र पुन्हा सरसच वापरावा. पन्नास वर्षांनी कुणाला तो सांधा उघडायचा झाला तर उघडता आला पाहिजे.

अडकणाऱ्या ड्रॉवरवर रंधा मारण्याआधी त्याच्या कडांवर पांढरी मेणबत्ती घासून बघा. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

जुनं पॉलिश कोणतं आणि ते काढायचं का

दिसणार नाही अशा जागी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस अर्धा मिनिट ठेवा. पॉलिश मऊ, चिकट झालं तर ते चपडा लाखेचं आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर, जे १९२०च्या दशकापासून फर्निचरवर मोठ्या प्रमाणात आलं. दोन्हींनी ढिम्म राहिलं तर वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन. या चाचणीला दोन मिनिटं लागतात, आणि ती पुढचे दोन दिवस वाचवते. लाखेचं पॉलिश बऱ्याचदा काढावंच लागत नाही. स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने ते जागच्या जागी मऊ करून पुन्हा सपाट पसरवता येतं.

खरवडण्याची घाई हा जुना रोग आहे. १९व्या शतकात जुन्या इमारतींचे भाग खरवडून ‘मूळच्यासारखे’ करण्याची लाट आली होती. तिला विरोध म्हणून विल्यम मॉरिस या इंग्लिश कलाकार-लेखकाने १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली, आणि तिचं टोपणनावच ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याविरुद्धची, असं पडलं. माझ्या टेबलाच्या वेळी मला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

तरीही कधी कधी घासावंच लागतं. त्याआधी एक प्रश्न: वर रंग आहे का, आणि तो किती जुना? जुन्या रंगांत शिसं असायचं. रंगकामातल्या पांढऱ्या शिशावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ सालचा, पण अमेरिकेसारख्या देशात घरगुती रंगांतलं शिसं बंद व्हायला १९७८ उजाडलं. तेव्हा जुना, थरांवर थर असलेला, मगरीच्या पाठीसारखा तडकलेला रंग दिसला की तपासणीचा संच आणून शिसं आहे का बघा. असेल तर कोरडं घासायचं नाही, बर्नरने जाळायचं नाही. मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. खरं सांगायचं तर असं काम नवख्याने हाती घेऊच नये.

शिसं नसेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने, आणि पुढच्या नंबरला जाण्याआधी धूळ पूर्ण पुसून. आडवा एक ओरखडा गेला तर तो आत्ता दिसत नाही, पॉलिश लावल्यावर दिसतो. व्हिनिअर असेल तर २२० पासूनच सुरुवात, हाताने, आणि कडांजवळ जवळजवळ नाहीच. हल्लीचं व्हिनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं असतं. विजेवर चालणारं घासायचं यंत्र ते काही सेकंदांत संपवतं.

लेप

शिकण्यासाठी चपडा लाख उत्तम, कारण चुकलं तर स्पिरिटने पुसून पुन्हा करता येतं. लाखेच्या किड्याने झाडाच्या फांद्यांवर सोडलेल्या रेझिनपासून ती करतात. २५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये सुमारे ४५ ग्रॅम चपडा टाकून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, मध्ये मध्ये हलवा, सकाळी गाळून घ्या. कापसाचा गोळा सुती कपड्यात गुंडाळून बोळा करा आणि लांब, हलके, न थांबता हात मारा. बोळा जागेवर थांबला की खालचा थर ओढला जातो. पातळ थर, तासभर विश्रांती, ३२० च्या कागदाने हलकी घासणी, पुन्हा थर. असे पाच-सहा. हे द्रावण सहा महिन्यांत वापरून टाका. जुनं झालं की ते नीट वाळतच नाही, आठवडाभर चिकट राहतं. लाखेला पाणी आणि दारू दोन्ही सोसत नाहीत, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला ती नको. तिथे तेलाचा लेप किंवा वॉर्निश बरं.

उकळलेलं जवसाचं तेल लावायला सोपं आहे: माखा, पंधरा मिनिटं थांबा, उरलेलं सगळं पुसून घ्या. पण ज्या कपड्याने पुसलंत त्याकडे दुर्लक्ष करू नका. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. चुरगळून टाकलेल्या कपड्यात ती अडकून राहते आणि काडी न लावता आग लागते. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीची फेब्रुवारी १९९१ मधली आग २२व्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच तेलकट चिंध्यांतून सुरू झाली, आणि तिच्यात अग्निशामक दलाचे तीन जवान गेले. तेलाचा कपडा घराबाहेर दोरीवर एकेरी वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या टोपलीत कधीही नाही.

वेताची बैठक

इथे फर्निचर आणि हस्तकला एकमेकांना भेटतात. बैठकीच्या चौकटीला कडेने एकेक सुटं भोक असेल आणि वेताची पट्टी त्यातून ओवलेली असेल तर ती जागेवर हाताने विणलेली आहे. भोकांऐवजी सलग खाच असेल आणि तयार जाळी एका कामटीने तीत दाबलेली असेल तर जाळी यंत्रावरची आहे. दुसऱ्या प्रकारची बैठक तुम्ही स्वतः बदलू शकता: जाळी पाण्यात भिजवून मऊ करा, खाचेत दाबा, गोंद लावून कामटी ठोका, वाळताना ती आपोआप ताणली जाते. पहिल्या प्रकारात उभे दोन फेर, आडवे दोन, तिरपे दोन आणि शेवटी कडेची बांधणी असते. शिकलात तर उत्तम, पण एक बैठक कित्येक तास खाते. विणणारा माणूस सापडला तर त्याला ती करू द्या आणि शेजारी बसून बघा. हाताने केलेल्या वस्तूला एवढे पैसे का पडतात हे त्या दुपारी जितकं समजतं तितकं कुणी समजावून सांगून समजत नाही.

आता भिंतीवरचं आणि जमिनीवरचं

गालिचा आधी उलटा करा. हाताच्या गाठी मागून एकेक मोजता येतात, आणि टोकाची झालर ही गालिच्याच्या उभ्या धाग्यांचीच पुढे आलेली टोकं असतात. झालर वेगळी शिवून लावलेली दिसली तर तो बहुधा यंत्राचा.

भरतकामाची मागची बाजू बघा. हाताच्या कामात धागा एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेला दिसतो, गाठी असतात, कुठे कुठे गोंधळही. यंत्राच्या कामात मागे सगळीकडे वेगळाच एक, बहुधा पांढरा, बॉबिनचा धागा असतो. ठशाच्या छपाईत एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तिथे केसभर चूक असते, कुठे रंग दाट, कुठे विरळ. कापडभर एकही अशी जागा सापडली नाही तर शंका घ्या.

मातीचं भांडं पालथं करा. चाकावर केलेल्या भांड्याच्या आत बोटांच्या वर्तुळाकार खुणा असतात आणि बुडाशी बहुधा झिलई नसलेलं खरखरीत कडं. साच्यातल्या भांड्यावर उभी, बारीक जोडरेघ असते. घासून पुसली तरी तिरप्या उजेडात सापडते. साचा वापरणं हा गुन्हा नाही, पण विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

चित्रांचं थोडं निगुतीने. छापचित्र म्हणजे नक्कल, हा गैरसमज आधी काढून टाका. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१च्या सुमाराची, आणि ती लाकडी ठशांवरून हाताने छापलेलं चित्रच आहे. तिच्या हजारो प्रती निघाल्या. मूळ चित्र म्हणून एकच कागद असा नाहीच. आजचे छापचित्रकार कागदाखाली पेन्सिलने १२/५० असं लिहितात. म्हणजे एकूण पन्नास प्रती, त्यातली ही बारावी. धातूच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापात चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला असतो. त्यावर बोट फिरवा. लाकडी ठशाच्या चित्रात मागून दाबल्याच्या खुणा दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. भिंगाखाली चार रंगांच्या नीटनेटक्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ते कारखान्यातलं छापील पोस्टर आहे, खाली सही असो वा नसो.

कॅनव्हासवरही फसगत होते. छापलेल्या चित्रावर पारदर्शक जेलचे फराटे मारून ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून विकतात. तिरपा उजेड टाका. उठावदार फराटा एका दिशेला आणि त्याखालचा रंग भलत्याच दिशेला जात असेल तर उत्तर मिळालं. आणि अर्थातच, चित्र उलटं करा. खऱ्या चित्राच्या मागे धूळ, पेन्सिलचे आकडे, खिळ्यांच्या जागा, कधी अर्धवट सोडलेलं दुसरं चित्र असतं.

शोधायचं कुठे

कला महाविद्यालयांची वर्षअखेरची प्रदर्शनं ही माझी सगळ्यात आवडती जागा. तिथे लोक अजून स्वतःचं काम विकताना लाजतात. छापखाने-कार्यशाळा वर्षातून एखाद्या दिवशी सर्वांसाठी खुल्या असतात, कारागिरांच्या सहकारी संस्था असतात, हस्तकलेच्या जत्रा असतात. जुन्या वस्तूंच्या लिलावात ‘इतर’ म्हणून एकत्र बांधलेले गठ्ठे येतात. त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून आपण बघावं.

कलाकाराला काय विचारायचं? ‘याला किती दिवस लागले’ हा प्रश्न वाईट, त्यात घासाघीस लपलेली असते. त्याऐवजी ‘यातलं कुठलं पहिल्यांदा फसलं?’ असं विचारा. ज्याने स्वतः केलंय तो यावर अर्धा तास बोलतो. दुकानातून आणून विकणाऱ्याला काही सुचत नाही. घेताना नाव, वर्ष, साहित्य आणि प्रत क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मागा. हस्तिदंत नको, कितीही जुना म्हणून सांगितला तरी. शिसवीच्या वस्तू देशाबाहेर नेताना कागदपत्रं लागू शकतात: शिसवी ज्यात मोडते त्या डालबर्जिया वंशातलं बहुतेक लाकूड २०१७ पासून दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावरच्या साइटीस कराराच्या यादीत आहे.

घरी आणल्यावर

उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयं कागद आणि कापडासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात. थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. म्हणून जलरंग, छापचित्र, भरतकाम ऊन येणाऱ्या भिंतीवर नको. चौकट करताना आम्लरहित मागचा पुठ्ठा मागा, आणि चित्र काचेला टेकणार नाही याची खात्री करा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. बहुतेक जण फार उंच टांगतात, मग पाहुणे मान वर करून छताकडे बघत बसतात. लाकडी वस्तू हीटर आणि एसीच्या थेट झोताखाली ठेवू नका; सांधे पुन्हा सुटतील.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. ड्रॉवरच्या तळाखाली किंवा बैठकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: कुठला सांधा उघडला, कुठला गोंद लावला, लेप लाखेचा की तेलाचा, महिना आणि वर्ष. पेन्सिलच हवी. मार्करची शाई लाकडात पसरते आणि चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून गळून पडते.